डबी कामावर जाते

त्याच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची बायको लग्नाच्या पहिल्याच वर्षात म्हणाली आणि ते नाव त्याला असं चिकटलं, की पुढे पाणी खात्यात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याला भिंगरीच म्हणायला लागले. खरं नाव पगारपत्रकावर होतं म्हणा. पण त्या नावाने कुणी रस्त्यात हाक मारली असती, तर तो मागे वळला असता की नाही, शंकाच आहे.

नोकरीही त्याला अशी मिळाली होती, जशी अंगाची मापं घेऊन शिवलेली. तलावापासून शहरापर्यंत पाण्याची मोठी लाइन येते. तिच्या कडेकडेने रोज चालत जायचं, चालत परत यायचं. कुठे गळतंय का, कुठल्या चेंबरचं झाकण गेलंय का, कुणी पाइपाला टेकून भिंत बांधली का, ते बघायचं. अशा माणसांना खात्यात लाइनवाले म्हणत. बाकीचे लाइनवाले सायकलवरून भोज्याला शिवून यायचे आणि दुपारी झाडाखाली आडवे व्हायचे. हा बाबा मात्र चालायचा. खांद्यावर पिशवी, हातात लोखंडी सळई. व्हॉल्व्ह आला की सळईचं एक टोक त्यावर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. आत पाणी कसं बोलतंय ते सळईतून ऐकू येतं. ही खात्याची जुनी रीत. नव्या लोकांना ती करायला लाज वाटते, कारण दिसायला ते जरा वेड्यासारखं दिसतं.

त्याच्या टप्प्यात एक खिंड होती. दोन्ही बाजूंना उंच कातळ आणि मधून पाइप. खिंड संपली की उतार, आणि उताराच्या तोंडाशी एक जुना व्हॉल्व्ह. त्याला भिंगरीने नाव ठेवलं होतं रडका. कारण त्याच्या सांध्यातून कायम थेंब थेंब पाणी यायचं, कितीही आवळा. उताराखाली एका गॅरेजवाल्याचं घर होतं आणि त्याला लागून लहान मुलांची बालवाडी. रडक्याचं रडणं भिंगरीच्या कानाला इतकं पाठ होतं, की जरा सूर बदलला तरी तो ऑफिसात जाऊन फिटरच्या मानगुटीवर बसायचा. फिटर कुरकुरत यायचा, बोल्ट आवळायचा, जायचा. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

आणि मग बायकोला झटका आला. डावी बाजू गेली.

ती शिवणबाई. मुलींना शिवण शिकवायची. अर्ध्या शहरातल्या बायकांनी तिच्याकडून बोलणी खात खात काज करायला शिकून घेतलं होतं. झटक्यात हात गेला, पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. किंबहुना आता तेवढंच हत्यार उरलं म्हणून तिने त्याला अधिकच धार लावली. तिचा पलंग बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ हलवला. कुशीवर वळवायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, सगळं दुसऱ्याने. पहिले काही महिने तिची धाकटी बहीण येऊन राहिली. पण तिलाही तिचा संसार, तिची नातवंडं. मुलगा जहाजावर, फोन लागला तर लागला. बहीण होती तेव्हाच कामाला बायका ठेवून पाहिल्या. एक आली आणि गेली, दुसरी यायच्या आधीच गेली. तिसरीला शिवणबाईने पहिल्याच दिवशी उशीचा अभ्रा उलटा घातला म्हणून झापलं, ती निघून गेली. भिंगरीच्या सुट्ट्या संपल्या. त्याने साहेबांकडे टेबलावरचं काम मागितलं. साहेब म्हणाले, टेबलं भरलेली आहेत, लाइनवाल्याने लाइनवर जावं. नोकरी सोडावी म्हटलं, तर बायकोची औषधं आणि हातपाय हलवून घेणारा माणूस, दोन्ही खात्याच्या दवाखान्यातून मिळायचं. नोकरी गेली की तेही गेलं. म्हणजे बायकोसाठी घरी राहायचं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर बायकोचं काय, हा प्रश्न. माणसाने करावं काय?

ज्या आठवड्यात मेहुणी आपल्या घरी परत गेली, नेमकी त्याच आठवड्यात डबी आली.

साहेबांच्या डोक्यातून ती निघाली होती. लाइनवाले चालतच नाहीत, असा त्यांचा संशय होता, आणि भिंगरी सोडला तर तो खराही होता. म्हणून त्यांनी प्रत्येकाला काड्यापेटीएवढी एक काळी डबी दिली. ती आभाळातल्या उपग्रहांचं ऐकते आणि आपण कुठे आहोत ते दर सेकंदाला सांगते. मोबाइलच्या आतही तसलं काहीतरी असतं, पण खात्याचे मोबाइल इतके जुनाट, की त्यांना शहर कुठलं तेही धड सांगता येईना. तेव्हा डबी केबलने मोबाइलला जोडायची. ऑफिसात कॉम्प्युटरवर एक मुलगी बसायची. तिच्या बोटांच्या आवाजावरून सगळे तिला टकटक म्हणत. तिने कुठला तरी फुकटातला प्रोग्रॅम सगळ्यांच्या मोबाइलवर घालून दिला. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. नुसता काळा पडदा. त्यावर एक ओळ टाइप करायची, तिला कमांड म्हणतात. ओळ बरोबर पडली की आकडे धावायला लागतात आणि डबी जे जे सांगेल ते एका फाइलीत उतरतं. त्याचं नाव लॉग. संध्याकाळी बंद करायचं आणि लॉग ऑफिसला पाठवायचा. तिकडे टकटकचा कॉम्प्युटर एका जागेपासून पुढच्या जागेपर्यंतचं अंतर मोजत जायचा, सगळी बेरीज करायचा आणि सांगायचा, हा माणूस आज इतके किलोमीटर चालला.

भिंगरीची बोटं सळई धरणारी. त्या इवल्याशा अक्षरांवर ती पडली की एकाच्या जागी तीन उमटायची. कमांड त्याला एका चिठ्ठीवर लिहून दिली होती, पण चिठ्ठी बघू की मोबाइल बघू? शेवटी शिवणबाईने चिठ्ठी मागून घेतली, दोनदा वाचली आणि परत दिली. तिला पाठ झाली होती. मग रोज सकाळी ती पलंगावरून सांगायची आणि हा स्टुलावर बसून टाइप करायचा.

"आता जागा सोडा. वजाचं चिन्ह. त्याला चिकटून अक्षर. चिकटून म्हटलं मी. तुमचा टाका नेहमी लांब पडतो."

मेहुणी गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्यांनी असा लॉग सुरू केला, डबी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, भिंगरी जोडे घालायला वाकला आणि तिला घास अडकून जोराचा ठसका लागला. चेहरा काळानिळा. तो जोडे टाकून धावला. पाठ थोपटून, बोट घालून कसाबसा घास काढला. नंतर ती गळून गेली आणि त्याचा हात धरून झोपली. तो हात त्याने सोडवून घेतला नाही. दिवस गेला. संध्याकाळी बघतो तर डबी खिडकीत तशीच, आकडे धावतायत. आता साहेबांना काय सांगायचं? त्याने ठरवलं, लॉग पाठवू, आणि ते विचारतील तेव्हा खरं ते सांगू. लॉगमध्ये तर शून्यच येणार.

उत्तर आलं, उत्तम. आणि खाली किलोमीटर. त्याच्या रोजच्या फेरीपेक्षा थोडे जास्तच.

त्याला वाटलं, टकटकची काहीतरी गफलत झाली. दुसऱ्या दिवशी त्याने डबीकडे नीट बघितलं. काळ्या पडद्यावरच्या प्रत्येक ओळीत शेवटचे आकडे सारखे बदलत होते, जागा हलल्यासारखे. डबी तर तसूभर हलली नव्हती. गोम अशी, की खिडकीतून तिला अर्धंच आभाळ दिसायचं. उरलेलं अर्धं समोरच्या इमारतीने अडवलेलं. वरून येणारा संदेश कधी सरळ यायचा, कधी त्या भिंतीवर आपटून. डबी बिचारी गोंधळायची. आता तिला वाटे आपण जिन्यात आहोत, लगेच वाटे रस्त्याच्या पलीकडे, मग पुन्हा घरात. दर सेकंदाला अशी थोडी थोडी भटकायची. आणि टकटकचा कॉम्प्युटर इमानेइतबारे त्या भटकण्याची बेरीज करायचा. नकाशावर माणूस गेला कुठे, हे बघायची कुणाला गरजच वाटली नव्हती. साहेबांना आकडा हवा होता, आकडा येत होता.

शिवणबाई पडल्या पडल्या ते धावते आकडे बघत होती. म्हणाली, "ही पण जागेवर बसत नाही. घरी एक होता तो कमी होता."

तो हसला. आणि त्या दिवशीही गेला नाही.

पाप म्हणावं तर ते इतकं साधं होतं. डबी कट्ट्यावर ठेवायची, ओळ टाइप करायची, की डबी कामावर गेली. संध्याकाळी लॉगबरोबर दोन शब्द धाडायचे, लाइन ठीक. पहिल्या आठवड्यात ते दोन शब्द लिहिताना त्याची बोटं अडायची. नंतर अडेनाशी झाली, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटायला लागलं.

पण खरी कोंडी पुढे झाली. तो नोकरीच्या वेळात लाइनवर असायला हवा, म्हणजे तो घरी दिसता कामा नये. म्हणून दिवसा खिडकीशी उभं राहायचं नाही. जोडे दाराबाहेर ठेवायचे नाहीत, उचलून आत आणायचे आणि पलंगाखाली सरकवायचे. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायचा तरी संध्याकाळची वाट बघायची. वरच्या मजल्यावरची नर्स कधीमधी ड्यूटीवरून येताना दार वाजवायची, बाई काही हवं का म्हणून. मग शिवणबाई आतून ओरडायची, काही नको गं, आणि हा मोरीच्या दाराआड श्वास धरून उभा. आपल्याच घरात चोरासारखा.

"शेजारपाजाऱ्यांना वाटत असेल बाई एकट्या पडून स्वतःशी बोलतात," ती म्हणायची. "वेड लागलं म्हणतील मला, तुमच्यापायी."

ज्या माणसाने आयुष्यभर उघड्यावर पायपीट केली, तो आता पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून शेगडीपर्यंत फिरत होता. त्याचे पाय सुजायला लागले. भूक मेली. दुपारी डोळा लागला की तो झोपेत सळई धरल्यासारखी मूठ वळायचा. आणि डोक्यात एकच भुंगा, रडका कसा असेल? फिटरला पाठवा म्हणावं, तर फिटर विचारणार, काय झालंय. काय झालंय ते याला कुठे माहीत? तो तर रोज लिहीत होता, लाइन ठीक.

तिकडे ऑफिसात त्याचं कौतुक सुरू झालं ते निराळंच. साहेबांनी सगळ्या लाइनवाल्यांच्या किलोमीटरांचा तक्ता भिंतीवर लावला. भिंगरी सगळ्यांच्या वर. महिन्याच्या बैठकीला तो तासाभरासाठी गेला, तर साहेब त्याच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना म्हणाले, या वयात हा माणूस बघा, शिका काहीतरी. सायकलवाले त्याच्याकडे खाऊ का गिळू असे बघत होते. साहेबांनी तो तक्ता वरच्या ऑफिसलाही धाडला होता, तिथून शाबासकी आली होती. भिंगरीला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

हे सगळं शिवणबाईने ओळखलं नसतं तरच नवल. एके दिवशी भात भरवताना तिने त्याचा चमचा हाताने अडवला.

"उद्या जाऊन या," ती म्हणाली. "तुमचा तो रडका बघून या. तुमचं तोंड बघवत नाही मला."

तो म्हणाला, तुझं कसं होईल. ती म्हणाली, एक दिवस आहे, मरत नाही मी. डाव्या अंगाला जड झाले असले तरी उजवा हात आहे की. त्याने खूप आढेवेढे घेतले, पण खरं सांगायचं तर ते वरवरचेच होते. त्याच्या पायांना केव्हाच ऐकू गेलं होतं.

सकाळी त्याने तिला स्वच्छ केलं, उजव्या हाताशी स्टूल ओढलं, त्यावर पाण्याने भरलेला तांब्या, पालथा पेला, बिस्किटं, तिचा फोन, सगळं मांडलं. कमांड टाइप केली. आणि पहिल्यांदाच डबी खिशात घालून तो घराबाहेर पडला. म्हणजे बघा, डबी घेऊन तो लाइनवर कधी गेलाच नव्हता.

काय ते चालणं. पहिला मैलभर गुडघे कुरकुरले, मग त्यांनाही जुनी ओळख पटली. ऊन होतं, वारा होता, पाइपावर सरडे बसले होते. प्रत्येक व्हॉल्व्हशी तो थांबला, सळई कानाला लावली. पाणी ठीक बोलत होतं. खिंडीच्या तोंडाशी एक दरड खाली आली होती, तिच्यावरून त्याने पोरासारखी उडी मारली आणि स्वतःशीच हसला. इतकं सुख त्याला झालं, की घरी ती एकटी आहे हे तो चक्क विसरला. नंतर आठवलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली.

खिंडीपलीकडे रडका होता. आणि तो रडत नव्हता.

सळईतून जो आवाज आला तो ऐकून भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. आत घरघर चालली होती, कफ दाटलेल्या छातीसारखी. चेंबर काठोकाठ भरलेला. हात घालून चाचपलं तर बोल्ट खाऊन खाऊन पेन्सिलीएवढे झालेले. पाणी वरून वाहत नव्हतं, आतल्या आत मातीत मुरत होतं आणि उताराने खाली चाललं होतं. तो खाली धावला. बालवाडीच्या मागच्या भिंतीला ओल चढली होती आणि अंगणात डबकं साचलं होतं. पाऊस नाही, काही नाही, तरी डबकं. पोरं त्यात मजेत पाय आपटत होती. तो बालवाडीच्या बाईंना म्हणाला, उद्या मुलांना बोलावू नका. त्या म्हणाल्या, कुणाचा हुकूम आहे? हुकूम कुणाचाच नव्हता.

फोन करायला त्याने मोबाइल काढला, तर केबल लोंबत होती. उडी मारताना निसटली असणार. घरी डबी कधी हललीच नव्हती, तेव्हा केबल निसटते हे त्याला कुठून ठाऊक असणार? काळा पडदा खिंडीच्या तोंडाशीच थांबून गेला होता.

त्याने तिथूनच साहेबांना सांगितलं, रडका फुटायला आलाय, आज बदला. साहेब म्हणाले, व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे दिवसभर शहराचं पाणी बंद. असं कुणाच्या तोंडी सांगण्यावर होत नाही. आधी लॉग पाठव. तो घरी धावला. शिवणबाईला विचारायलाही थांबला नाही, आधी लॉग पाठवला. मग तिला पाणी दिलं. दोन पेले तिने घटाघटा संपवले. त्याला वाटलं, ऊन आहे.

साहेबांचा फोन आला, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता. तुझा आजचा लॉग खिंडीच्या अलीकडेच संपतो, ते म्हणाले. तू व्हॉल्व्हपर्यंत गेलाच नाहीस. इतके महिने पुरी लाइन चाललास तेव्हा सगळं ठीक होतं, आणि आज अर्ध्यातून परत आलास तर म्हणे टोकाला गळती. काय समजायचं आम्ही? उद्या सकाळी ऑफिसात ये.

फोन ठेवून तो स्टुलावर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा डबी घेऊन तो खरा चालला होता, आणि तेवढाच एक दिवस खोटा ठरला होता. त्यातून सुटायला वाट एकच होती, साहेबांना सगळं खरं सांगायची, आणि ती कुठून जाते ते दोघांनाही दिसत होतं. दवाखाना, औषधं, तिचे हातपाय हलवून घेणारा माणूस, सगळं त्या वाटेवर आडवं पडलेलं.

"ती पोरं किती मोठी आहेत?" तिने विचारलं.

"एवढी एवढी." त्याने हाताने दाखवलं.

"मग मला काय विचारता?" ती म्हणाली, आणि तोंड फिरवून झोपली.

सकाळी पुन्हा तांब्या, पेला, बिस्किटं. तो ऑफिसात गेला. साहेब टकटकच्या टेबलाशी उभे होते, कॉम्प्युटरवर त्याचा कालचा लॉग उघडून. भिंगरीने खुर्ची घेतली नाही.

"साहेब, कालचाच लॉग खरा आहे," तो म्हणाला. "बाकीचे सगळे दिवस मी घरी होतो. डबी खिडकीत ठेवलेली असायची."

साहेबांना वाटलं थट्टा करतोय. मग त्याने सगळं सांगितलं. झटका, घास, खिडकी, समोरची इमारत. टकटकची बोटं आपोआप चालायला लागली. तिने जुना एक लॉग काढला आणि त्याची बेरीज न करता तो नकाशावर पसरला. रेष अशी नव्हतीच. सांडलेल्या रव्यासारखे ठिपकेच ठिपके, सगळे एका घराभोवती. दुसरा लॉग काढला, तसाच. तिसरा, तसाच. टकटक एकदम रडवेली झाली, कारण बेरीज तिने केली होती. भिंगरीच तिला म्हणाला, बाळ, तुझा दोष नाही.

साहेबांना मानलं पाहिजे एका गोष्टीसाठी. त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला, पाणी बंद करायला लावलं आणि फिटरची गँग खिंडीकडे पिटाळली. बालवाडी रिकामी करायचाही निरोप गेला. दुपारी फिटरचा फोन आला, की पाना लावताच बोल्ट तुटून हातात आला, आणि असा व्हॉल्व्ह मी जन्मात पाहिला नाही. आणखी एकदोन दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

तोपर्यंत भिंगरी बाहेरच्या बाकावर बसून होता. आता घरी पाठवतील, संपलं एकदाचं. त्याला भीती वाटत होती आणि भीतीच्या खाली कुठेतरी मोकळंही वाटत होतं. मग साहेबांनी आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

साहेब त्याच्याकडे न बघता बोलले. तुझे आकडे वरच्या ऑफिसात गेलेत. तुझ्या आकड्यांवर ही योजना आता सगळ्या खात्यात लागू होणार आहे. तू खोटा ठरलास तर मी खोटा ठरतो. त्यामुळे तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. काल केबल निसटली, एवढंच झालं. उद्यापासून आहे तसं चालू दे, निवृत्त होईपर्यंत.

"मी टेबलाचं काम करतो ना, साहेब."

"सगळ्यात जास्त चालणाऱ्या माणसाला टेबलावर बसवलं, तर वरचे विचारतील, का म्हणून."

"मग लाइन कोण बघणार?"

"डबी बघते आहे की," ते म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला.

भिंगरी घरी आला. गुन्हा कबूल करूनही जो सुटत नाही, त्याने जायचं कुठे? शिवणबाई दाराकडे डोळे लावून होती.

"काढलं?"

"नाही. ठेवलंय. आहे तसंच चालू द्या म्हणाले."

तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि, काय सांगू, तिचा चेहरा उजळला. शिकवणीतल्या मुलीचा बिघडलेला ब्लाउज हातात घेऊन, अगं यातून निघेल काहीतरी, असं म्हणायची ना, तशी ती म्हणाली, "मग उलट बरंच झालं. डबी राहू दे खिडकीत, तिचे किलोमीटर ती भरेल. तुम्ही सळई घ्या आणि खरंच जा. रोज जा. आता कोण विचारतंय? मी आज दिवसभर राहिलेच ना? काल राहिलेच ना?"

क्षणभर त्याच्याही पायात वारं शिरलं. खिंड दिसली, उतार दिसला, नव्या व्हॉल्व्हवर टेकवलेली सळई दिसली. किती सोपं होतं हे, आपल्याला सुचलं कसं नाही? हसत हसत त्याने तिला पाणी द्यायला तांब्या उचलला.

तांब्या भरलेला होता. सकाळी त्याने भरला होता तसाच, गळ्यापर्यंत. पेला पालथाच. काल संध्याकाळी तिने घटाघटा प्यायलेले दोन पेले त्याला आठवले.

"पाणी का प्यायली नाहीस?"

ती खिडकीकडे बघायला लागली. हिची जीभ अशी कधी अडली नव्हती.

"प्यायलं की भांडं लागतं," शेवटी ती म्हणाली. "ते कोण देणार होतं मला? आणि ओल्यात पडून राहायचं नाही मला. त्यापेक्षा तहान बरी. सवय होईल."

सगळ्या शहराचं पाणी ज्याने आयुष्यभर राखलं, त्याची बायको पेलाभर पाण्याला दोन दिवस घरात तहानलेली होती, आणि तेही त्याला फिरता यावं म्हणून. भिंगरीला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. ती रागावली, म्हणाली, पुरे, आता तुम्ही गळायला लागलात तर फिटर कुठून आणू.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइनवर निघायला म्हणून, तिने हट्टाने त्याचे जोडे दाराबाहेर ठेवायला लावले. त्याने ठेवले. मग स्टुलावर बसून त्याने डबी जोडली, आणि शिवणबाई जरा घुश्शातच सांगायला लागली, आता जागा सोडा, वजाचं चिन्ह, चिकटून अक्षर. ओळ बरोबर पडली. आकडे धावायला लागले. त्याने डबी कट्ट्यावर ठेवली, दाराशी गेला, जोडे उचलून आत आणले आणि पलंगाखाली सरकवले. त्याने पेला भरला, तिच्या मानेखाली हात घालून तिला जरा उचललं आणि तिने तो हळूहळू सगळा संपवला.